सलूनवाल्याचा डावा हात

सलूनवाल्याच्या बायकोचा स्वभावच तसा, घरात कुणाचं काही दुखलं की हिच्या जिवाला घोर. दिवसभर खुर्चीभोवती उभं राहून नवऱ्याच्या पायांवर शिरांची निळी वेटोळी उठली, तेव्हा हिनेच टुमणं लावलं, "काढून टाका एकदाच्या." बायकोपुढे त्याचं कधी चाललंय? दोन्ही पायांच्या शिरा काढून मोकळा झाला, आणि गिऱ्हाइकांना पँट वर सारून गुळगुळीत पोटऱ्या दाखवायला लागला.

काही वर्षांनी छातीत कळ आली. हृदयाला रक्त पोचवणाऱ्या तीन वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. बायपासचं ठरलं. सर्जनबाई त्याच्या पोटऱ्या चाचपत म्हणाल्या, "पायातली शीर काढून आम्ही हृदयावर जोडतो. पण तुमच्या पायात शीर आहेच कुठे?"

 बायकोने हट्टाने काढायला लावलेलं तेच नेमकं हवं होतं, आता बोला!

"दोन ठिकाणी छातीच्या आतल्या वाहिन्या जोडू," बाई म्हणाल्या. "तिसरीकडे मनगटातली लागेल." त्यांनी त्याला मूठ आवळायला लावली, मनगट दोन्हीकडून दाबलं, मूठ उघडायला सांगून फक्त करंगळीकडची बाजू सोडली. उजवा तळवा पांढराफटकच राहिला. म्हणजे अंगठ्याकडची वाहिनी काढली तर तो हात रक्ताविना राहणार. डावा लगेच लालसर झाला.

"डावा घेऊ."

"कात्री मी डाव्यानेच धरतो," तो म्हणाला.

 बाई सरळच बोलल्या. बहुतेकांचा हात पूर्वीसारखा चालतो. काहींचा अंगठा बधिर होतो, क्वचित कायमचा. पण तिसरी वाहिनी तशीच सोडली तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. "विचार करून सांगा," म्हणून त्या गेल्या.

"हाताला हात लावू द्यायचा नाही," सलूनवाला बायकोला म्हणाला. "बधिर अंगठ्याने मी कुणाच्या कानाशी कात्री नेऊ?"

"अहो, जिवंत तर राहाल."

"घरात बसून माश्या मारायला? पायाच्या वेळी तुझं ऐकलं. आता माझं ऐक. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

 बिचारीने मान डोलावली.

बाईंना त्याने काही सांगायच्या आतच, दुपारी वॉर्डातच चहाचा कप त्याच्या हातातून सुटला. ओठ निळे पडले, धावपळ झाली, स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरकडे निघालं. दारात सर्जनबाईंनी बायकोला गाठलं. "हाताचं काय ठरलं त्यांचं?"

 तिने नवऱ्याकडे बघितलं, तर त्याला कशाचीच शुद्ध नव्हती.

"घ्या म्हणाले," ती बोलली. धडधडीत खोटं.

दार बंद झालं आणि ही बाकावर बसली. देवाचं नाव घ्यायलाही तिची जीभ रेटेना. तो गेला तर शपथ मोडून शेवटचा दगा दिला असं होणार, आणि जगला तर त्याला तोंड कसं दाखवायचं? तरी जगू दे, तिने मनात म्हटलं. मला शिव्या घालायला तरी जगू दे.

जगला. श्वासाची नळी निघाली तेव्हा सर्जनबाई खुशीत होत्या. हृदय छान चाललंय, म्हणाल्या. त्या गेल्यावर त्याने पट्टीतून बाहेर आलेला अंगठा बोटावर घासला. पुन्हा घासला. मग दुसऱ्या हाताने चिमटा काढून बघितला.

"तू सांगितलंस?"

घाईत डॉक्टरांनीच ठरवलं, असं सांगून तिला सुटता आलं असतं. पण एका खोट्यानेच ती अर्धी झाली होती.

"हो."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती स्टूल ओढून त्याच्या पाठीशी बसली. रडू फुटत होतं, तरी आवाज तिने घट्ट धरला.

"नका बोलू माझ्याशी," ती म्हणाली. "म्हातारे होईपर्यंत नका बोलू. पण म्हातारे व्हा."