भोरडीचं घरटं

हुरडा भाजल्याचा वास आला की मला पाचवीचा वर्ग आठवतो. हिवाळाभर आमच्या ज्वारीवर गुलाबी मैनांचे, म्हणजे भोरड्यांचे, थवे उतरायचे आणि शाळेआधी मी शेतातल्या माळ्यावरून गोफण फिरवायची. एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं, भोरड्या आपल्या शिवारात घरटी बांधतात. मी उठून म्हणाले, “न्हाई सर, पाडवा झाला की एक बी राहत न्हाई. अंडी त्या दुसऱ्याच मुलखात घालतात.” “तू पाहून आल्तीस का?” वर्ग हसला. “न्हाई. तुम्ही इथलं एक घरटं दाखवा, मंग बसते.” तास संपेपर्यंत मी उभीच होते. आता त्याच वर्गात मी शिकवते. घरटं अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि मीही अजून बसलेले नाही.