नीलांबरीचे शंभर हॉर्सपॉवर

माझ्या बायकोचं, नीलांबरीचं, एका गाडीवर प्रेम आहे आणि ती गाडी दिसायला अजिबात चांगली नाही. १९७२ सालची ग्रेमलिन. पुढे लांबलचक नाक आणि मागचा भाग कुणीतरी चावून नेलेल्या सँडविचसारखा. अमेरिकेत, चँडलरमधल्या आमच्या गल्लीत ती टो ट्रकवरून आली, तेव्हा शेजारी माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते.

या गाडीला त्या काळी तीन इंजिनं मिळायची. थोरलं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, दीडशे हॉर्सपॉवरचं. मधलं एकशेदहाचं. आणि सगळ्यांत धाकटं, सहा सिलिंडरचं, शंभरचं. आमच्या वाट्याला धाकटं आलं. "यार, व्ही-एट टाकून घे ना," असं आमच्याकडे जेवायला आलेला प्रत्येकजण सांगून गेला. त्यातले निम्मे टायर पंक्चर झाला तरी फोन लावणारे.

"आदल्या वर्षी हेच इंजिन एकशेपस्तीसचं म्हणून विकायचे," नीलांबरी सांगते. "नुसतं स्टँडवर ठेवून मोजायचे. फॅन नाही, फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. बाहत्तरला सगळं जोडून मोजलं तर शंभर भरले. हे खरे शंभर आहेत."

ती मूळची नागपूरची, इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर. या देशात आली ती माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधून, आणि बरीच वर्षं तिला नोकरीची परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर लोक म्हणाले, मधली वर्षं कन्सल्टिंग केलं म्हणून दाखव. तिने इंटरव्ह्यूत सरळ सांगितलं, घरी होते, मुलगी वाढवली. नोकरी मिळाली. तेव्हापासून मी तिच्याशी वाद घालताना जरा जपून असतो.

ऑक्टोबरात इथे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. त्यात कंपनीतून निघाल्या तशाच राखलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. त्यातलं पहिलं बक्षीस नीलांबरीला हवं होतं, आणि हवं म्हणजे अगदी मनापासून हवं होतं. एकदा ते मिळालं की शंभरच्या इंजिनाला कुणी नावं ठेवणार नव्हतं.

आदल्या आठवड्यात दसरा झाला. बाकीचे लोक बॉनेटला कुंकू लावतात, नीलांबरी बॉनेट उघडते. पूजा इंजिनाची, पत्र्याची नाही, असं तिचं म्हणणं. निळ्या इंजिनावर तिने हळदीचं एक बोट ओढलं, शेजारी कुंकवाचं. आमची अनया मात्र आपल्या जुन्या होंडापुढे हात पसरून उभी राहिली. "नॉट माइन, आई. प्लीज."

प्रदर्शनात पांढऱ्या मिशांचा, डेल नावाचा परीक्षक टॉर्च घेऊन ग्रेमलिनच्या इंजिनावर वाकला आणि तसाच थांबला. पूर्वी कारखान्यात इंजिन तपासून झालं की तपासनीस त्यावर रंगाचा एक फटकारा मारायचे. इतक्या वर्षांत त्या खुणा सहसा उरत नाहीत. "अशी शाबूत खूण फार दिवसांनी बघतोय," तो म्हणाला आणि त्याने दुसऱ्या परीक्षकालाही हाक मारली. शेजारी पिंटो नावाची तशीच एक जुनी गाडी तोडीस तोड उभी होती. त्या खुणेने पारडं आमच्याकडे झुकणार हे मलासुद्धा कळत होतं.

मी नीलांबरीचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"ती कारखान्याची खूण नाही," ती डेलला म्हणाली. "हळद-कुंकू आहे. मागच्या आठवड्यात मीच लावलंय. आमच्यात गाडीची पूजा करतात."

डेल भला माणूस होता. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. "पुसून टाका. मी काही पाहिलं नाही."

नीलांबरीने रुमाल घेतला नाही. "या इंजिनाचा प्रत्येक बोल्ट मी बसवलाय. नीट चालायला लागलं, तेव्हा पूजा केली. खूण कारखान्याची नसेल, पण माझी आहे. ती धरून मोजा."

त्याने मोजलं. पिंटो पहिली आली, आम्ही दुसरे. रिबन देताना डेलने तिचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते, वाईट तर वाटलंच तिला. माझी छाती मात्र फुगली होती आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. तिने ते कुंकू पुसलं असतं, तर मी पहिलं बक्षीस आणि एकशेपस्तीस हॉर्सपॉवरची बायको घेऊन घरी आलो असतो.

घरी पोचल्यावर नीलांबरीने ग्रेमलिन गॅरेजमध्ये लावली. प्रदर्शनात आमच्याबरोबर आलेली अनया बाहेरच रेंगाळली.

"आई, डू वी हॅव एनी कुंकू लेफ्ट?"

"आहे की. कशाला गं?"

अनया होंडाचं बॉनेट उघडून उभी होती.