पंगत मागणारी फुटीर

"ऊठ पोरी. तुमचा शिधा वेगळा काढलाय."

गावकीचे म्होरके आबा हे बोलले. रागानं न्हाई. उन्हात बसलेल्या लेकराला सावलीत बोलवावं तसं. यात्रेची पंगत, देवळामागं. मी पहिली शिफ्ट करून थेट आले व्हते, कंपनीच्या कपड्यावरच. पत्रावळ पुढ्यात. आमटीची बादली घेतलेला वाढपी माझी पत्रावळ सोडून पुढं गेला. शेजारच्या बाईनं पदर आवरून घेतला.

मी उठले. का उठले ते आजबी सांगता येत न्हाई. लाज वाटली, एवढं खरं. राग तवा आलाच न्हाई.

रीत अशी हाय. गाव पंगतीला बसतं आन् आमच्या वस्तीला कोरडा शिधा मिळतो. गहू, डाळ, गूळ. आधी महारवाडा म्हणायचे, आता कमानीवर नगर लिहिलंय, शिधा तोच. देवळाच्या खालच्या पायरीवर ढीग टाकायचा, टाकणाऱ्यानं मागं सरायचं, मग आमच्या माणसानं फडक्यात भरायचं. वस्तीचा शिधा माझे आप्पा आणतात. त्यांच्या आधी त्यांचा बाप आणायचा. गाव त्याला मान म्हणतं.

ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हणलं, "आम्हाला शिधा नको. सगळ्यांबरोबर पंगतीत बसवा." एवढंच. सभा पुढच्या विषयाला लागली.

दुसऱ्या दिवशी कारेगावला कंपनीत जाताना गाडीत मोबाईल बघितला. गावाच्या ग्रुपवर आबांच्या पुतण्यानं, विकासनं, टाकलं व्हतं: 'काही फुटीरतावादी लोक गावात दुही माजवत आहेत. गाव एक आहे, एकच राहील.' खाली अंगठेच अंगठे. मी वाचलं. परत वाचलं. अंगाखाली दबून बधिर झालेल्या हातागत सगळं अंग झालं.

विकास माझ्याच कंपनीत हाय. कॅन्टीनला एकाच बाकावर जेवतो. त्या दुपारीबी आला आन् म्हणला, "लोणचं आणलंय का गं?" मी डबा सरकवला. त्यानं बोटानं फोड काढून घेतली. चांगलंय म्हणला.

लाईनवर माझ्या शेजारी रिंकी असती, बिहारची. तिला मेसेज दाखवला.

"फुटीरतावादी मतलब?"

"अलगाववादी."

"वो तो टीवी पे बोलते हैं, जिनको अलग देश चाहिए। तुमने क्या अलग माँगा, दीदी?"

"कुछ नहीं. साथ में बैठना माँगा."

ती हसली. मग माझं तोंड बघून मोबाईल परत दिला.

गावकीनं आप्पांना निरोप धाडला. देवळाम्होरं येऊन चूक झाली म्हणा, परत सगळ्यांदेखत शिधा उचला. न्हाईतर आईला कांदा काढायला कुणी बोलवणार न्हाई. आप्पा फडकं झटकून निघाले. मला म्हणले, "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं." मी मागनं गेले.

पायरीवर विकासच सूप घेऊन उभा व्हता. त्यानं गहू ओतला, वर गुळाचा खडा ठेवला आन् मागं सरला. आप्पा वाकले. माझ्या बापाची पाठ मी लई वेळा वाकलेली बघितलीय, रानात, विहिरीवर. पण तिथं, त्या पायरीशी, मला बघवेना. मी फडकं धरलं.

"आप्पा, चला घरी."

"तुझी आई उद्या कुठं जाईल?"

मी विकासकडं बघितलं. म्हणलं, "कंपनीत माझ्या डब्यात हात घालतोस. हितं कशापायी मागं सरतोस?"

त्यानं मान खाली घातली. आबा लोकांकडं वळून म्हणले, "बघा. हीच ती फुटीर."

मला तवा लख्ख समजलं. गाव एक हाय म्हंजी काय, तर पायरीखाली आम्ही आन् वर ते, आन् कुणी काही बोलायचं न्हाई. बोललं की आपण फुटीर. मी फडक्याची घडी घातली, आप्पांचा हात धरला. गहू तिथंच राहिला.

आईला गावात कुणी बोलवत न्हाई. मजुरांच्या पिकअपमधनं ती दौंडच्या बाजूला जाती, अंधारात निघून अंधारात येती. आप्पा माझ्याशी बोलत न्हाईत. माझं ताट शेजारी वाढलं की उठून बाहेर जातात. मला वाईट वाटतं. पण फडकं मी परत दिलेलं न्हाई. ते माझ्या पेटीत हाय.

आता यात्रा परत आलीय. मी पंगतीत बसणार हाय, त्याच जागी. आबा म्हणतील, ऊठ. मी उठणार न्हाई. मला उठवायचं असंल तर हाताला धरावं लागंल. शिवावं लागंल मला, सगळ्या गावादेखत.

धरा म्हणावं.