तात्यांचं गल्ल्याचं मशीन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही. तुमचं लग्न कसं ठरलं, असं कुणी विचारलं की मी पावसापाण्याचं बोलायला लागतो. पण तुम्ही घरचीच माणसं. ओता तो चहा, सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सांगलीच्या पेठेत तात्यांचं मोठं दुकान होतं. साबण, चहापूड, कापड, दोरे, सगळं एका छपराखाली. मी तिथं नोकरीला. तात्या म्हणजे आमचे मालक. धोतर, काळी टोपी आणि नव्या वस्तूंचा भलता सोस! एकदा मुंबईला गेले आणि येताना गल्ल्याचं मशीन घेऊन आले. जुनंच, पण रुबाब केवढा!

काय ते धूड! चार माणसांनी उचलून ठेवलं. पुढं बटणांच्या रांगा, वर काचेत आकडे, उजवीकडं हँडल. बटणं दाबायची, हँडल फिरवायचं, की 'टिंग' वाजून खालचा खण बाहेर येणार. आला तर!

सोबत एक माहितीचं पुस्तक होतं. तात्यांनी ते माझ्या हातात ठेवलं.

"तू मॅट्रिक हायस. वाचता येतंय न्हवं?"

मी उघडून बघितलं. पुस्तक जर्मन भाषेत! अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पण दुकानातले सगळे माझ्याकडं बघत होते हो!

"येतंय की तात्या," मी म्हणालो. "लय सोपं हाय."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवाला साहेब. तात्यांनी घरातून लाल टाय आणला. त्यांचे थोरले जावई विसरून गेलेले. "जपून वापर," तात्या म्हणाले, "जावयाची वस्तू हाय." टाय बांधायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तात्यांनीच बैलाच्या दाव्याची गाठ मारली. एकदम पक्की!

पहिलं गिऱ्हाईक कवठे महांकाळचे एक आजोबा. साबणाची एक वडी घेतली, सव्वा रुपयाची. मी ऐटीत बटणं दाबली, हँडल फिरवलं, टिंग! वर काचेत आकडा आला सव्वाशे.

आजोबांनी आकडा बघितला, मग हातातली वडी बघितली. "आरं, ह्यो साबण हाय का सोनं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तात्या मागून गरजले, "मशीन कवा चुकत न्हाई!"

"मग त्येलाच घाला आंगूळ!" आजोबांनी वडी ठेवली आणि चालते झाले.

मला घाम फुटला. खण उघडाच होता, तो मी घाईघाईनं पोटानं ढकलून बंद केला. पुढचं बटण दाबलं, हँडल निम्मं फिरवलं, तर आतून करकर आवाज! घाबरून हात काढून घेतला. आता एकही बटण दबेना. वाकून बघावं म्हटलं, तर वाकायची गरजच नव्हती, मी वाकलेलोच होतो. टायचं टोक खणात! गाठ बैलाची, ती काय सुटतीय? आणि टाय कापायचा म्हणजे जावयाची वस्तू!

"तात्या," मी हळूच म्हटलं, "अडकलो."

"कशात?"

"मशीनमधी."

तात्यांनी खण ओढून बघितला, मशीनच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. खण ढिम्म. आणि नेमक्या त्याच वेळी दारात कोण उभं? फलटणकडचे सुभेदार!

हे सुभेदार म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले. भरघोस मिशा, हातात काठी. महिन्यापूर्वी आमच्या घरी येऊन मला बघून गेले होते, आपल्या मुलीसाठी. मीच त्यांना छाती काढून सांगितलं होतं, "दुकानाचा सगळा कारभार माझ्यावरच चालतो." आता ते न कळवता कारभार बघायला आले होते. मागं त्यांची मुलगी. मी मान वर करून नीट बघणार कसा? मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

"काय झालं ओ पावन्यांना?" सुभेदारांनी विचारलं.

दुकानाची अब्रू जायची वेळ! तात्या तोंडाला येईल ते बोलले. "काय न्हाई. मशीनचा आवाज ऐकतोय. रोज कान लावून तपासावं लागतंय. सगळ्यांना न्हाई जमत ते."

"आसं?" सुभेदार माझ्याशेजारी आले. "काय म्हणतंय मशीन?"

आता सांगा, काय बोलू मी? म्हटलं, "आज जरा... घसा बसलाय त्येचा."

"बगू." सुभेदारांनी फेटा सावरला, वाकले आणि दुसऱ्या बाजूनं मशीनला कान लावला! समोरासमोर आमची दोघांची तोंडं, मधे दोन बोटांचं अंतर. त्यांच्या मिशा माझ्या नाकाला लागत होत्या. गिऱ्हाइकं भोवती गोळा झाली. एका बाईनं तर विचारलं, "रेडिओ हाय का ओ?"

"मला तर कायच ऐकू येत न्हाई," सुभेदार म्हणाले.

"सवय लागते मामा," मी म्हणालो. आणि तेवढ्यात मला शिंक आली. सुभेदारांच्या तोंडावर!

ते ताडकन सरळ झाले. "खरं सांगा, हाय काय ह्यो परकार?"

तात्या छताकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं! नोकरीही गेली आणि सोयरीकही.

तेवढ्यात त्या चपला पुढं आल्या. कानाशी बारीक आवाज आला, "टाय अडकलाय न्हवं?"

मी मान हलवायचा प्रयत्न केला. टायनं नाही हलू दिली.

"आण्णा," ती वडिलांना म्हणाली, "हँडल निम्म्यातच ऱ्हायलंय. शिवणाच्या मशीनचं चाक आसंच आडतंय कवाकवा. पुरतं फिरवाय पायजे." आणि तिनं हँडल धरून सरळ पूर्ण फिरवलं.

टिंग! खण असा सुटला की माझ्या पोटात बसला आणि मी चहापुडीच्या डब्यांवर जाऊन पडलो. डबे माझ्यावर, टाय डोळ्यांवर. टाय बाजूला केला तेव्हा कुठं मला मुलगी दिसली. तोंडाला पदर लावून हसत होती.

सुभेदार तिला घेऊन तडक निघून गेले. आठवडाभर मी कुणाला तोंड दाखवलं नाही. आणि आठव्या दिवशी फलटणकडनं पत्र आलं. मुलीला मुलगा पसंत आहे!

मी तर हवेतच! म्हटलं, काहीतरी दिसलं असणार बुवा तिला माझ्यात. लग्नानंतर मोठ्या ऐटीत विचारलं, "एवढी फजिती बघूनसुद्धा हो म्हणालीस, ते का गं?"

ती म्हणाली, "आवं, धा स्थळं बगितली. समदी ताठ मानंनं बसल्याली. मान खाली घालून गप उबं ऱ्हायलेलं तुमीच एकटं हुता."