पद्माच्या बरं होण्याची साक्ष

…तर पद्माने भिरकावलेला पेला थेट अंबरीशच्या कपाळाला लागला. स्टीलचा पेला. पठ्ठ्या काय म्हणाला असेल? "बरं झालं, हातात जोर आला." फडकं घेतलं, आधी फरशी पुसली, मग कपाळ.

पद्माची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली त्याला तीन वर्षं होत आली होती. मंगळवार-शुक्रवार सिटी सेंटर भागातल्या दवाखान्यात चार-चार तास डायलिसिस, आणि पाणी दिवसाला तीनच पेले. तिसरा अंबरीशने अर्धाच भरला, म्हणून तो असा परत आला.

अंबरीश सराफ बाजारातल्या सोनारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. घर दाना ओली नावाच्या गल्लीत, घराणं पुजाऱ्यांचं. सव्विसाव्या वर्षी ख्रिस्ती झाला. पद्माच्या माहेरच्यांनी अट घातली म्हणून नव्हे. ती जेवणाआधी डोळे मिटून जे पुटपुटायची ते त्याला खरं वाटलं म्हणून. थोरल्या भावाने, लक्ष्मीकांतने, त्या दिवसापासून बोलणं टाकलं. पद्मा आजारी पडल्यावर मात्र भर बाजारात बोलला, "काय रे, नवा देवही ऐकत नाही वाटतं?"

"दादा, तीस वर्षांनी बोललास. तेवढं मागणं त्यानेच ऐकलं असेल."

सगळे सोनार हसले, लक्ष्मीकांत सोडून.

पण भावाचं सोसणं सोपं होतं. चर्चमधल्या शांताताई उपासप्रार्थना चालवायच्या, आणि त्यांची एक रीत होती. माणूस बरा व्हायच्या आधीच बरा झाल्याची साक्ष द्यायची. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, आजार गेला. मग देव तो शब्द खाली पडू देत नाही म्हणे. आणि साक्ष दिल्यावर औषध घेतलं तर तो अविश्वास. एका मास्तरांनी मधुमेहाच्या गोळ्या अशाच सोडल्या. पाय कापावा लागला तेव्हा ताई म्हणाल्या, "मनात शंका धरली असणार त्यांनी."

त्याच ताई गुरुवारी घरी आल्या.

"अंबरीशभाऊ, रविवारी साक्ष तुम्ही द्यायची. नवऱ्याचा शब्द लागतो."

"ताई, मंगळवारी तिचं डायलिसिस आहे."

"बस, इथेच अडतंय. हिचं मूत्रपिंड नाही, तुमचा विश्वास बिघडलाय."

पलंगावरून पद्मा म्हणाली, "मी कधीची सांगतेय. देवालाही काट्यावर ठेवतात हे."

अंबरीश चहा टाकायला उठला. "बिनसाखरेचाच ना ताई? की तुमचा मधुमेह गेल्याची साक्ष दिलीत?"

ताई चहा न घेताच गेल्या. त्यानंतर पद्माने त्याला सोडलं नाही. शिव्या दिल्या, रडली, हात पुढे केला. कोपरापर्यंत गाठी आणि काळे-निळे डाग. "याची चाळण झालीय. चार शब्द बोलायला तुमचं काय जातं? मला आता सुई नको."

तो स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी गुडघे टेकून बसला. देवा, काय बोलू ते सांग. उत्तर आलं नाही. कुकरची शिट्टी आली.

रविवारी पद्मा पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत. वेणी घातलेली, मोतिया रंगाची साडी. तीन वर्षांत तिचा चेहरा इतका उजळलेला कुणी पाहिला नव्हता. शांताताईंनी खूण केली. अंबरीश उठला.

"पद्मा आजारी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा."

एवढंच बोलून बसला. शांताताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने मारलं बायकोला." बाहेर पडताना दारात तीन पायऱ्या होत्या. खुर्चीला कुणी हात लावला नाही. दोघं तिथेच थांबले, चर्च रिकामं होईपर्यंत, आणि माणसं त्यांना वळसा घालून उतरत राहिली. शेवटी रखवालदाराने खुर्ची धरली.

मंगळवारी सकाळी ऑटो खाली येऊन उभी राहिली, तेव्हा अंबरीश पद्माच्या पायात चप्पल घालत होता. तिने विचारलं, "एवढंही प्रेम नव्हतं, की माझ्यासाठी एकदा खोटं बोलावं?"

अंबरीश म्हणाला, "होतं. शनिवारपर्यंत बोलणारच होतो, पाठ केलं होतं. पण बोललो असतो तर आज तू सुईला निघाली नसतीस. आणि पुढच्या रविवारी याच लोकांनी तुझ्या शवपेटीवर फुलं टाकत मला सांगितलं असतं, तुमचाच विश्वास कमी पडला. मी तुला रोज देवाकडे मागतो, आजही मागितलं. त्याचं नाव घेऊन तुला मारणार नाही. दुसरा पाय पुढे कर, ऑटोवाला हॉर्न देतोय."