उघडी भिंत

नेरच्या अलीकडे आमच्या वावरात घर आणि स्टुडिओ बांधायला काढला, तेव्हा आम्ही आर्किटेक्ट लावला नाही. मी चित्रकार, नवरा शिल्पकार. आपलं घर आपल्यालाच काढता येणार नाही होय, असा आमचा ताठा. स्टुडिओचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, उत्तरेचा उजेड आत घेणारं. येणारे-जाणारे विचारत, "जिनिंग टाकून राह्यले का?" कापसाच्या जिनिंग कारखान्यांची छपरं अशीच असतात; मला गुदगुल्याच व्हायच्या.

पण माझा जीव अडकला होता तो स्टुडिओच्या एका भिंतीत. मिस्त्रींच्या घरच्या जुन्या फळ्यांच्या साच्यात ओतलेलं नुसतं काँक्रीट, वर गिलावा नाही, रंग नाही. फळ्या निघाल्या तेव्हा लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं जसंच्या तसं उमटलेलं! मी आनंदाने ओरडलेच. मिस्त्री मात्र तोंड पाडून उभे होते.

दोन दिवस अमरावतीला गेलो. परत येऊन पाहतो तर मिस्त्री भिंतीपुढे थापी घेऊन हजर आणि अर्धी भिंत गिलाव्याने गुळगुळीत.

"ताई, उघडी भित ठेवली तं लोक म्हणतीन, मिस्त्री अर्ध्यात पयाला. माह्या नावाचा सवाल हाये."

माझं डोकंच फिरलं. "टाचे मारले का?" गिलावा धरावा म्हणून छिन्नीने खाचा पाडतात, त्या पडल्या असत्या तर रेषा कायमच्या गेल्या असत्या.

"नाही जी. थे फोडाचं मले जिवावर आलं. नुसता सिमेंटचा घोळ मारला."

म्हणजे आशा होती! गिलावा अजून ओला होता. नवऱ्याने पाइप लावला, मी पोतं घेऊन घासत सुटले. मिस्त्री जरा वेळ पाहत राहिले, मग त्यांनाच राहवेना. "तसं नाही, ताई, सरका," म्हणत त्यांनी स्वतःचंच काम खरवडायला घेतलं. एकेक रेष वर येत होती आणि मला नाचावंसं वाटत होतं.

एका गाठीशी ते थांबले. बोट फिरवलं.

"हे तं माह्या बापाची फळी होय! याच कामानंतर चुलीत घालणार होतो."

मग पोतं बाजूला ठेवून ते तेवढी गाठ बोटांनीच साफ करत राहिले.

भिंत धुऊन झाली तशी मी नवऱ्याला दाखवू लागले, माझं मोठं चित्र इथे लावू, खिळे इथे आणि इथे.

मिस्त्री आडवे आले. "या भितीवर चित्र कायले, ताई? खिळा ठोकसान तं माह्याशी गाठ हाये."