मधल्या सीटची ट्रायल

“भाऊ, मले गिअर वरतेच पायजे. डॅशबोर्डातला. खालचा नाई चालत.”

मनोहरभाऊंनी शोरूममध्ये शिरताच हे सांगून टाकलं, तेव्हा दसऱ्याला नऊ दिवस उरले होते. मी वर्ध्यात पिकअप गाड्या विकतो. अठरा वर्षं झाली. आत आलेला माणूस गाडी घेणार की नुसता चहा पिऊन जाणार, हे मला दोन मिनिटांत कळतं. मनोहरभाऊ घेणारे होते. आंजीहून रोज पहाटे भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचे, पण भाड्याच्या गाडीने. आता स्वतःची हवी होती. सोबत बायको शालूबाई आणि मोठी भावजय. ते गाडी चालवायचे, या दोघी बाजारात शेजारी शेजारी बसून भाजी विकायच्या. अकरा वर्षांपासून त्यांची तिथे ठरलेली जागा होती.

पिकअपमध्ये गिअरचा दांडा दोन ठिकाणी असतो. एक फ्लोअर शिफ्ट. म्हणजे लांब दांडा, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, जमिनीतून वर आलेला. दुसरा डॅशबोर्ड शिफ्ट. त्यात छोटा दांडा समोरच्या पॅनेलमधून बाहेर येतो आणि खालची जागा मोकळी राहते. पायांना मोकळं वाटतं, हात फार लांब न्यावा लागत नाही. गावातून शहरात रोज ये-जा करणाऱ्याला सहसा हाच आवडतो. डॅशबोर्डवाली गाडीही जरा लहान, गल्लीत वळायला सोपी. फ्लोअरवाली थोडी लांब, तिचे स्प्रिंगचे पाटे कडक, माल जास्त नेते.

मनोहरभाऊंना हवी असलेली गाडी यार्डात नव्हती. मी आत केबिनमध्ये गेलो. आमचे सेल्स मॅनेजर बोरकर सर फोनवर होते.

“सर, डॅशबोर्डवाली मागतायत.”

“वेटिंग किती?”

“दीड महिना.”

“आणि फ्लोअरवाली यार्डात धूळ खातेय. तीच दाखव ना यार. दसऱ्याची डिलिव्हरी म्हटल्यावर कोण थांबतं दीड महिना?”

कोणी थांबत नाही, हे मलाही माहीत होतं. आमच्याकडे दसऱ्याला गाडी दारात उभी राहिली पाहिजे, तिला झेंडूचा हार पाहिजे. त्या एका दिवसासाठी माणूस रंग बदलतो, मॉडेल बदलतो. मी बाहेर आलो आणि कामाला लागलो.

मी खोटं बोललो नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगतो. वरचा गिअर केबलवर चालतो, केबल सैल पडली की गिअर अडकतो, हे खरं आहे. खालचा दांडा हाताला पक्का लागतो, हेही खरं आहे. पण त्यानंतर मी जे बोललो ते गाडीबद्दल नव्हतंच.

“मनोहरभाऊ, वरचा गिअर नवशिक्याला बरा. तुमचा हात ट्रकवर बसलेला. तुम्हाला तो खेळण्यासारखा वाटेल.”

ते हसले. मिशीवरून हात फिरवला. तिथेच मला कळलं, गाडी विकली गेली. त्यांना वरचाच गिअर का पाहिजे होता, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अठरा वर्षांच्या अनुभवाचा हा उपयोग!

ट्रायलची आमची एक पद्धत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. गिऱ्हाईक गाडी चालवतं, सेल्सवाला खिडकीशी बसतो, आणि घरच्या बाया शोरूममध्ये सोफ्यावर बसून थंडा पितात. त्यांचं काम पूजेच्या वेळी. आम्ही आर्वी रोडवर चक्कर मारून आलो. केबिनमध्ये तिघांची जागा होती. मधल्या सीटवर माझी फाईल होती. फाईलला गुडघे नसतात.

परत आलो तेव्हा शालूबाई उठून गाडीजवळ आल्या. डाव्या पायाने जरा लंगडत होत्या. खिडकीतून त्या दांड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

“भाऊ, मी मंधात बसून पाहू का?”

“ताई, सीटचं प्लास्टिक निघायचंय अजून. डिलिव्हरीला आरामात बसा.”

“तुले काय पाह्यचं त्यात?” मनोहरभाऊ म्हणाले. “गाडी मले चालवायची हाये.”

आम्ही दोघं हसलो. त्या हसल्या नाहीत. जाऊन सोफ्यावर बसल्या. दसऱ्याला हार, नारळ, मोठी किल्ली हातात घेऊन फोटो, सगळं झालं. बोरकर सरांनी माझी पाठ थोपटली.

पहिल्या सर्व्हिसिंगला मनोहरभाऊ एकटे आले.

“गाडी कशी आहे?”

“गाडी फस्क्लास हाये.”

“आणि ताई? बाजारात सोडून आलात का?”

त्यांनी कूलरमधून पाण्याचा ग्लास भरला. मग म्हणाले, “थे येत नाई आता. घरीच राह्यते.”

त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या भावजयीला गाडी लागते, म्हणून खिडकी तिची. शालूबाई मधे. त्यांचा डावा गुडघा एकदा विहिरीच्या पायरीवर पडून कामातून गेलेला, तो दुमडत नाही. पाय समोर सरळच ठेवावे लागतात. भाड्याच्या गाडीत गिअर वर होता, म्हणून कधी अडचण आली नाही. या गाडीत दुसरा आणि चौथा गिअर टाकायला दांडा मागे ओढला की तो थेट त्यांच्या पायांमधे येतो, गुडघ्यावर आपटतो. आंजी ते वर्धा शंभरदा गिअर बदलतो माणूस. त्यांनी गोधडीची घडी लावून पाहिली. जागा बदलून पाहिली, तर भावजय पहिल्याच गावाला ओकली. त्या मागे डाल्यात, मालाच्या उघड्या हौद्यात, पोत्यांवर बसल्या, तर तिसऱ्या दिवशी नाक्यावर पोलिसाने उतरवलं. पहिली एसटी येते तोवर अर्धा बाजार उठलेला असतो. भावजय मोठी, तिला घरी बस म्हणता येत नाही. मग घरी कोण बसणार, ते ठरलेलंच होतं.

“आणि बाजारातली त्यांची जागा?” मी विचारलं.

“तिथं आता दुसरी बसते. एकटीच्यानं दोन जागा कशा राखल्या जातीन?”

मी आमच्या फोरमनला पकडलं. “दांडा वाकवता येईल?”

“वाकवतो. पण मग चौथा नीट पडणार नाही. आणि वॉरंटी गेली समजा.”

मग बोरकर सर. “सर, गाडी बदलून देता येईल का?”

“कंप्लेंट काय लिहू?”

“मधल्या सीटवर बायकोला बसता येत नाही.”

“गाडीत दोष आहे?”

“नाही.”

“मग दोष कोणाचा लिहू?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी आंजीला गेलो. कंपनीचं काम नव्हतं. शालूबाई अंगणात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. त्या जुड्या बाजारात भावजय विकणार होती. बसायला खुर्ची दिली, चहा आणला. मनोहरभाऊ दाराशी उभे होते. मी म्हणालो, “ताई, माझं चुकलं. तुम्ही बसून पाहते म्हणाल्या होत्या.”

त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली.

“तुमाले काय बोलू भाऊ? तुमी परके. तुमाले माह्या गुडघ्याचं काय ठाऊक?”

एवढंच. दाराशी उभ्या माणसाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मनोहरभाऊ आत निघून गेले. मी चहा तसाच खाली ठेवला. माझ्या धंद्यात लोक भांडतात, शिव्या देतात, त्याची सवय आहे. याची नव्हती.

आता मी ट्रायलच्या आधी विचारतो, गाडीत रोज कोण कोण बसणार. जे बसणार त्यांना बसवूनच चक्कर मारतो, प्लास्टिक असो नसो. एकदा एक सासूबाई, सून आणि शाळेची बॅग अशी ट्रायल झाली. बोरकर सर म्हणतात, मी शोरूमची एसटी केली. त्यापायी एक-दोन गिऱ्हाइकं सुटली, काहींनी ट्रायलनंतर दुसरं मॉडेल घेतलं आणि नंतर येऊन बरं झालं म्हणाले. नियम चांगला आहे. फक्त शालूबाईंना त्याचा काही उपयोग नाही.